डोकं डावीकडे

आमच्या ताईच्या आकड्यावर तिच्या प्रयोगशाळेत कुणी बोट ठेवायचं नाही. एकोणीस वर्षं ती एकच काम करत आली होती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि कृमींच्या गर्भातले ठिपके मोजायचे. सर म्हणायचे, यंत्र चुकेल, बाई चुकायच्या नाहीत. हे वाक्य ती मला महिन्यातून दोनदा तरी ऐकवायची आणि मी शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणायचे, "बरं बाई, तू शहाणी." मी धाकटी. पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवते, तोंडाने फटकळ आहे. आमच्या ताईला भीती म्हणून काही असते हेच ठाऊक नाही, असं मला त्या मंगळवारपर्यंत वाटायचं.

तिचं काम नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हे कृमी छापलेल्या स्वल्पविरामाएवढे असतात. मी त्यांना सरळ जंत म्हणते आणि ती दर वेळी चिडते. झाकणाच्या चपट्या बशांमधून ते जिवाणू खात राहतात आणि अंडी घालतात. अंडं पारदर्शक, त्यामुळे आत गर्भ कसा घडतो ते जिवंतपणी बघता येतं. आईने अंड्यात भरून दिलेलं काही सामान गर्भाला पुढे नको असतं. मग त्याच्या पेशी ते नकोसं सामान बारक्या पिशवीत गुंडाळतात आणि आतल्या आत पचवून टाकतात. सर त्याला स्वभक्षण म्हणतात. मला ऐकूनच कसंतरी झालं होतं, तेव्हा ताईने माझ्याच भाषेत समजावलं : कपडा बेतला की चिंध्या झाडून टाकतेस ना, आणि चार बऱ्या तुकड्यांची पुरचुंडी बांधून ठेवतेस? तसंच. चिंध्या सगळीकडून झाडल्या जातात, फक्त शेपटीकडच्या एक-दोन पेशींत जपून ठेवल्या जातात, कारण पुढची पिढी त्यांतून व्हायची असते. त्या चिंध्या म्हणजेच ठिपके. निळ्या उजेडात ते हिरवे चमकतील अशी सोय केलेली असते.

म्हणजे निरोगी गर्भात ठिपके फक्त शेपटीला. झाडू बिघडला असेल तर ते पार डोक्यापर्यंत राहतात. ताईने किती आणि कुठे ते सांगायचं. बस्स.

पण या एवढ्याशा कामाचेही तिचे नेम होते. आधी साध्या उजेडात गर्भाचं डोकं शोधायचं, मग स्लाइडखालची चकती फिरवून ते डावीकडे आणायचं. डोकं डावीकडे, शेपूट उजवीकडे, ही कृमीवाल्यांची रीतच आहे. मग साधा दिवा बंद, निळा चालू. निळ्या उजेडाने ठिपके हळूहळू विझतात, म्हणून दहा सेकंदांत काम उरकायचं. कॅमेऱ्याला ते जमत नाही. तो एका वेळी एकच पातळी टिपतो आणि आतड्यातले चमकते दाणेही ठिपके समजून मोजतो. ताई मात्र नजर मधोमध रोवायची आणि एका बोटाने चाक फिरवून पातळी खालीवर करत मोजून मोकळी व्हायची. ठिपक्यामागे डोळा पळवायचा नाही, ठिपके आपणहून येतात, असं ती ऐटीत सांगायची. आणि सूक्ष्मदर्शक दोन नळ्यांचा असला तरी ती बघायची उजव्याच डोळ्याने, डावा मिटून. पहिल्या वर्षी एका नळीच्या जुनाट यंत्रावर शिकली होती, ती सवय सुटली नाही.

आणखी एक नियम होता, आणि तो सरांचा. स्लाइड जिने केली तिने मोजायचं नाही. माणसाला जे हवं असतं ते दिसतं, म्हणून. स्लाइडवर नुसता क्रमांक, कुठली निरोगी आणि कुठली बिघडलेली त्याची यादी स्लाइड करणारीच्या खणात बंद. ताईला हा नियम फार आवडायचा. त्यामुळे शेवटचा शब्द तिचाच राहायचा.

त्या वर्षी डॉक्टरेटसाठी आलेली एक मुलगी होती. ताई तिला नुसतं पोरगी म्हणायची. सतत धावपळीत, केसात पेन खोवलेलं, जेवणाचा डबा तसाच परत नेणारी. एक विशिष्ट जनुक बिघडलं की गर्भाचा झाडू बंद पडतो, असं तिचं म्हणणं होतं. तीन वर्षं तिने त्यावर घालवली होती. शेवटचे आठ महिने ती स्लाइड करत होती आणि ताई मोजत होती. आकडे काही हलत नव्हते. निरोगी असो की बिघडलेला, डोक्याकडे ठिपके एक किंवा दोन. पोरगी एकदा ताईच्या स्टुलाजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, नक्की?" ताई म्हणाली, "आकडा आहे तो आहे, पोरी. मी काय घरून आणते?" त्या मंगळवारच्याच आठवड्यात, शुक्रवारी, बैठक होती. सर ते काम बंद करून तिला दुसरं काहीतरी देणार होते, आणि तिच्या कृमींच्या बशा शनिवारी उकळून फेकायच्या होत्या.

मंगळवारी दुपारी मी किल्ली विसरून बाहेर गेले आणि दाराचं कुलूप मागे लागून बसलं, म्हणून ताईला फोन केला. तिने मला मनसोक्त झापलं आणि फोन ठेवला. पण त्या झापण्याच्या भरात हातातलं काम अर्धं राहिलं होतं. डोकं उजवीकडे असलेला गर्भ तिने तसाच ठेवला होता, चकती फिरवायची राहिली होती. ती परत येऊन बसली, निळा दिवा लावला, आणि मोजले तर चौदा ठिपके! सगळे एका बाजूला दाटलेले. आणि शेपटीचे, जे प्रत्येक गर्भात असायलाच हवेत, ते मात्र नाहीत.

तिने साधा दिवा लावून पाहिलं. डोकं उजवीकडे. ते चौदा ठिपके डोक्यातले होते. स्वतःवरच चरफडत तिने चकती फिरवली, डोकं डावीकडे आणलं, पुन्हा निळा दिवा. आता शेपटीचे ठिपके होते, आणि डोक्यात दोन. बारा गेले. विझले असतील, ती मनात म्हणाली. तरी हात आपोआप चकतीकडे गेला. पुन्हा उलटं केलं, तर डोक्यातले अकरा ठिपके जागच्या जागी, आणि शेपटीचे गायब.

विझलेला ठिपका परत पेटत नाही, हे तिला जितकं ठाऊक तितकं कुणाला असणार? ती मला नंतर म्हणाली, "धाकटे, मला वाटलं मी स्टुलावरून पडणार." मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने डावा डोळा नळीला लावला. डावीकडे, उजवीकडे, सगळे ठिपके होते. तिने दिवा बंद केला, स्लाइडवर झाकण ठेवलं आणि अंगात कणकण आहे सांगून घरी आली. मी दारात कुलपाशी बसलेली. भांडायच्या तयारीत होते. पण तिचा चेहरा बघून मुकाट्याने उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकली आणि माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "तुझ्याकडचं काळं अस्तर काढ. आणि शर्टाची पांढरी बटणं."

"कशाला? शिवायला शिकणार आहेस का?"

"काढ म्हणते ना!"

मी टेबलावर काळं कापड पसरलं. तिने मधोमध एक लाल बटण ठेवलं आणि सांगितलं की भोवती मी हवी तितकी बटणं मांडायची, आकडा आधी कागदावर लिहायचा, तिला दाखवायचा नाही. ती पाठ करून उभी राहिली. मी बारा मांडली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. ती वळली, डाव्या डोळ्यावर तळहात दाबला, कापडावर झुकून लाल बटणावर नजर रोखली.

"किती?" मी विचारलं.

"सहा."

"डोळे फुटले का तुझे? नीट बघ की!" मी बोलून गेले. रोजचंच बोलणं आमचं, सुई सापडली नाही तरी मी असंच बोलते. पण ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि दोघींनाही बाबाच आठवले.

बाबा घड्याळजी होते. खिडकीपाशी त्यांचं टेबल, डोळ्याला अडकवलेलं भिंग, बशीत सांडलेले स्क्रू. मी नऊ वर्षांची आणि ताई चौदाची असताना त्यांची नजर जायला लागली. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने जग चोरीला जातं आणि माणसाला पत्ता लागत नाही. बिघडलेली घड्याळं घेऊन गिऱ्हाइकं परत यायला लागली. आईने आम्हा दोघींना दारात उभं केलं. गिऱ्हाईक आलं की घड्याळ घ्यायचं, पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराकडून गुपचूप दुरुस्त करून आणायचं, आणि बाबांना सांगायचं, "छान चालतंय म्हणाले." वर्षभर आम्ही हे केलं. मग एके दिवशी एक माणूस आम्हाला बाजूला सारून आत घुसला आणि बाबांच्या हातात घड्याळ कोंबून म्हणाला, "म्हातारबा, यात काटाच बसवलेला नाही." बाबांनी बोटाने काच चाचपली. मग त्यांनी आमच्याकडे तोंड केलं, आम्ही जिथे उभ्या नव्हतो त्या दिशेला. त्यानंतर ते त्या टेबलाशी कधी बसले नाहीत.

बटणांचा खेळ आम्ही अकरा वेळा केला. दर वेळी डावीकडची बटणं तिला दिसत नव्हती. काळा डाग दिसतो का विचारलं तर म्हणाली, "काहीच दिसत नाही. तिथे नुसतं कापडच आहे असं वाटतं." अंधार दिसला असता तर तिला आठ महिन्यांपूर्वीच कळलं असतं. दोन्ही डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा भरून काढायचा, म्हणून घरात, रस्त्यात, जिन्यावर कधी ठेच लागली नाही. नेमका कामाच्या वेळी ती चांगला डोळा मिटायची. आणि नेमकं डोकं डावीकडे ठेवायची.

आता खरं सांगते, कारण खोटं सांगून आमच्या घरात कुणाचं भलं झालेलं नाही. मी तिला गप्प बस म्हणाले. "कुणाला कळणार आहे? उद्यापासून डाव्या डोळ्याने मोज. निवृत्तीला दोन वर्षं राहिली. डॉक्टरकडे जाऊ, औषध घेऊ, पण तिथे तोंड उघडू नकोस."

"आणि पोरगी?"

"तिला दुसरं काम मिळतंयच ना?"

ताई माझ्याकडे बघत राहिली. "मला स्टुलावरून उठवतील गं," ती म्हणाली. "मला दुसरं काही येत नाही. बाबा नंतर रिकाम्या हाताने बसायचे तशी बसेन मी." आणि आमची ताई, जिने बाबा गेले तेव्हाही माझ्यासमोर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, ती माझ्या टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. बटणं खाली सांडली. मी ती गोळा करत बसले, कारण तिच्याकडे बघायचा धीर मला होत नव्हता.

गुरुवारी ती कामावर गेली आणि मूग गिळून बसली. तिनेच सांगितलं तसं. पोरगी आली, चार स्लाइड ठेवून गेली, म्हणाली, "या शेवटच्या, मावशी. मोजल्या नाहीत तरी चालेल." तिचे डोळे रडून सुजलेले होते. ताईने चारही स्लाइड दोन्ही डोळ्यांनी, दोन्ही बाजूंनी मोजल्या. दोन स्लाइडवरच्या गर्भांत डोक्याकडे ठिपक्यांची गर्दी होती. कुठल्या दोन ते यादी न बघताही तिला कळलं. तिने वहीत काहीच लिहिलं नाही. घरी येऊन जेवली नाही, मीही आग्रह केला नाही. मला वाटलं, बोलणार नाही ती. आणि मला बरं वाटलं, हे कबूल करते.

शुक्रवारची बैठक. सर, पोरगी, आणखी चार-पाच जण लांब टेबलाभोवती बसलेले. सर म्हणाले की जनुकाचा काही परिणाम दिसत नाही, आकडे स्पष्ट आहेत, तेव्हा हे इथेच थांबवू. पोरीने मान हलवली. सर कागद गोळा करायला लागले तेव्हा ताई उभी राहिली. तिने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

"आकडे चुकलेत," ती म्हणाली. "माझे."

सर हसले. "बाई, तुमचे आकडे?"

"मला उजव्या डोळ्याने डावीकडचं दिसत नाही. आठ महिने तरी असेल. मला मंगळवारी कळलं आणि मी तीन दिवस गप्प बसले."

मग सर उठले आणि सगळे सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत गेले. आदल्या दिवशीच्या चार स्लाइडमधली एक ताईने लावली. डोकं डावीकडे. उजवा डोळा लावून म्हणाली, "दोन." मग सर बसले. दोनदा मोजलं. शेवटी म्हणाले, "तेरा." दुसरी स्लाइड. ताई एक, सर पंधरा. पोरीने खणातली यादी आणली. दोन्ही बिघडलेल्या जनुकाच्याच निघाल्या.

ताईला वाटलं होतं पोरगी आनंदाने उडी मारेल. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आठ महिने, मावशी. मी विचारलं होतं तुम्हाला. नक्की का म्हणून विचारलं होतं." आणि खोलीबाहेर निघून गेली. ताई म्हणते, बाबांच्या हातात ते घड्याळ कोंबलं गेलं तेव्हा त्यांना कसं वाटलं असेल ते तिला त्या वेळी कळलं.

कृमींच्या बशा उकळायच्या राहिल्या. पोरीचं काम नव्याने दुसऱ्या दोघांनी मिळून मोजलं आणि तिचं म्हणणं खरं ठरलं. ती पुन्हा डबा खाते. ताईशी बोलायला तिला दोन महिने लागले. आधी नुसती मान हलवायची, मग एकदा स्वतःहून येऊन विचारलं, "औषध वेळेवर घालता ना?" डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तोवर सगळं तपासून सांगितलं होतं. काचबिंदूच. उजवा अर्धा गेला, तो परत येणार नाही. डाव्यालाही सुरुवात आहे. सकाळ-संध्याकाळ थेंब, कायमचे, आणि तरीही टिकेलच अशी हमी नाही. बाहेर पडताना मी विचारलं, "मलाही होईल का?" बाई म्हणाल्या, "तुम्हीही तपासून घ्या." मी अजून गेलेले नाही. भीती वाटते.

सरांनी ताईला काढलं नाही. स्टुलावरून मात्र उठवलं. आता ती कृमींसाठी बशा भरते, जेलीचा थर ओतते, जिवाणूंचा थेंब टाकते, दोन्ही डोळे उघडे ठेवून. तिच्या जागी बसणाऱ्या मुलीला तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की प्रत्येक गर्भ दोनदा मोजायचा, एकदा डोकं डावीकडे आणि एकदा उजवीकडे. आता तिथे तोच नियम आहे.

आणि घरी दर रविवारी सकाळी बटणं. आता उजवा डोळा झाकून, फक्त डाव्याची परीक्षा. मी मांडते, कागदावर आकडा लिहिते, ती मोजते, मग वहीत नोंद. तीन महिने जितकी मांडली तितकीच तिने मोजली. शनिवारपासूनच माझी छाती धडधडायला लागते, तिची किती धडधडत असेल कोण जाणे. ती दाखवत नाही.

गेल्या रविवारी ती झुकली, लाल बटणावर नजर ठेवली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"दहा," ती म्हणाली.

कागदावर बारा होतं. मी कागद मुठीत दाबला. "बरोबर," मी म्हणाले.

ती जागची हलली नाही. मग तिने हात पुढे केला, डोळे दोन्ही मिटले, आणि बोटाच्या टोकाने एकेक बटण चाचपत कापडावरून हात फिरवला. "नऊ... दहा... अकरा." शेवटचं डावीकडच्या कोपऱ्यात होतं. त्यावर बोट तसंच ठेवून म्हणाली, "बारा."



"बाबांना आपण दोघींनीच फसवलं होतं, धाकटे," ती म्हणाली. "मला नको फसवूस. मी घाबरलेय, पण मला नको फसवूस. वही घे. बारापैकी दहा. तारीख घाल."

मी वही घेतली. दहाचा आकडा मला दोनदा गिरवावा लागला.